पहिला साप घरी आणताना: कॉर्न स्नेकचं पिल्लू की बॉल पायथनचं?

अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या मराठी घरांत हा विषय साधारण एकाच वाटेने येतो. मुलं दहा-बारा वर्षांची होतात, कुत्र्याला घरमालकाची परवानगी नसते, मांजराच्या केसांचं कुणाला तरी वावडं असतं, आणि एका रात्री जेवताना कुणीतरी म्हणतं, ‘मग साप पाळूया ना.’ आठवडाभर नकार चालतो. मग आईवडीलच शोधाशोध करू लागतात आणि दोन नावांपाशी येऊन थांबतात: कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन.

दोन्ही बिनविषारी. दोन्ही जातींची माणसाच्या देखरेखीत जन्मलेली पिल्लं सहज मिळतात. ‘नवख्यांसाठी उत्तम’ हा शिक्का दोघांवरही आहे, आणि मोठ्या सापांपुरता तो खराही आहे. पण तुम्ही घरी आणणार ते पिल्लू, आणि पहिल्या सहा-आठ महिन्यांत या दोन पिल्लांचे त्रास अगदी वेगळे असतात. निवड करायची ती यांतला कुठला त्रास आपल्याला झेपेल हे पाहून.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. अंड्यातून निघालेलं पिल्लू २० ते ३० सेंटिमीटर लांब, पेन्सिलीहून बारीक, वजन जेमतेम दहा ग्रॅम. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याचं पिल्लू लांबीला थोडंच जास्त, पण अंगाने जाड आणि वजनाने पाच-सहा पट. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात कॉर्नचं पिल्लू डोकं शिरेल त्या फटीतून अख्खं बाहेर पडतं. झाकण नीट बसलं नसेल, वायरसाठी ठेवलेलं भोक बोटभर असेल, तर सकाळी डबा रिकामा. म्हणून त्याला काचेची मोठी टाकी सुरुवातीला घेऊच नका. कुलूपपट्टीचा छोटा प्लास्टिकचा डबा, हवेसाठी बारीक भोकं आणि तळाला कागदी टॉवेल पुरतात. पायथनच्या पिल्लालाही लहान जागाच बरी, पण कारण वेगळं: मोकळ्या जागेत ते बिथरतं आणि खाणं सोडतं. दोघांनाही लपायला दोन आडोसे लागतात, एक उबेच्या बाजूला आणि एक थंड बाजूला. आडोसा एकच असला तर साप ऊब सोडतो, पण लपणं सोडत नाही.

आता खाण्याचं. खरी परीक्षा इथेच आहे.

कॉर्नच्या पिल्लाला दर पाच ते सात दिवसांनी एक पिंकी, म्हणजे उंदराचं केस न आलेलं पिल्लू. गोठवलेलं मिळतं, ते कोमट पाण्यात सोडून मऊ आणि उबदार करायचं, चिमट्याने पुढे धरायचं. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, आतून शिजतं आणि फुटतं. बहुतेक पिल्लं काही मिनिटांत गिळून मोकळी. काही हट्टी निघतात, कारण जंगलात त्यांचं पहिलं खाणं बरेचदा पाल-सरडे असतं. पण ज्याने विकणाऱ्याकडे ओळीने तीन-चार वेळा गोठवलेली पिंकी खाल्ली आहे तेच पिल्लू घेतलं, तर ही अडचण सहसा तुमच्या घरापर्यंत येत नाही.

बॉल पायथनचं पिल्लू जन्मतःच मोठा घास घेतं, केस आलेला छोटा उंदीर किंवा मोठ्या जातीच्या उंदराचं पिल्लू. पण ते केव्हा खाईल हे त्याचं तेच ठरवतं. जागा बदलली, ऊब दोन अंशांनी कमी पडली, घास पुरेसा गरम नव्हता, कात टाकायची वेळ आली, की तोंड फिरवलं. मोठा पायथन महिनेच्या महिने उपाशी राहून ठणठणीत असतो. पिल्लाच्या अंगात तेवढा साठा नसतो, म्हणून एक-दोन आठवडे चुकले तर थांबायचं, दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर नोंद ठेवायची, आणि वजन घसरत राहिलं तर डॉक्टर गाठायचा. दर तासाला जाऊन उंदीर नाचवणारे पालक पिल्लाला आणखी घाबरवतात. ‘पोरानं काही खाल्लं नाही’ या वाक्याने ज्यांची झोप उडते, त्यांनी पायथन घेऊ नये.

शाकाहारी घरांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सापाला मांसाशिवाय दुसरा कुठलाही आहार चालत नाही. नागपंचमीच्या वाटीतलं दूधही नाही. साप दुधावर जगत नाही, त्याला पाणी लागतं. म्हणजे फ्रीजरमध्ये उंदीर राहणार. कॉर्नच्या पिंकी एका छोट्या बंद डब्यात मावतात आणि पुढेही प्रकरण साध्या उंदरांवर भागतं. पायथन वर्षा-दीड वर्षात चांगल्या मोठ्या उंदरांवर जातो. मटार आणि खोबऱ्याशेजारी ते चालणार नसतील तर वेगळा छोटा फ्रीजर हा खर्चाचाच भाग धरा. भांडण आधी झालेलं बरं.

ऊब आणि दमट हवेतही कॉर्न सोपा. गरम बाजू २८ ते ३० अंश सेल्सिअस, थंड बाजू २२ ते २४, आर्द्रता ४० ते ५० टक्के. पायथनला गरम बाजू ३१-३२, थंड बाजूही २५-२६, आणि आर्द्रता साठच्या पुढे. न्यू जर्सी किंवा शिकागोच्या हिवाळ्यात हीटर चालू असताना घरातली हवा इतकी कोरडी होते की पायथनची कात तुकड्यातुकड्यांत निघते, डोळ्यांवरची पापुद्री अडकते. ओला शेवाळ भरलेला आडोसा आणि तळाला नारळाच्या सोडणाचा भुसा यांनी काम भागतं, पण रोज लक्ष द्यावं लागतं. हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, कुणासाठीही घ्या, थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. साप चटका बसला तरी लवकर हलत नाही.

हातात घेण्याच्या बाबतीत मात्र पायथनची बाजू वरचढ. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करतो, नावच त्यावरून पडलंय. काही पिल्लं फुत्कारतात, एखादं डसतंही, पण एकूण संथ काम. कॉर्नचं पिल्लू शेपूट थरथरवतं, लटका हल्ला करतं, हातावर घाण सोडतं आणि बोटांतून सुळकन निसटतं. चावलं तर टाचणी टोचल्याइतकं. चार-सहा महिन्यांत बहुतेक निवळतात. दोघांनाही घरी आल्यावर पहिला आठवडा हात लावायचा नाही, दोन-तीन वेळा नीट खाल्ल्यावर सुरुवात करायची, आणि खाल्ल्यानंतर ४८ तास पुन्हा सुट्टी. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूमुळे दोन्ही नकोत.

भारतवारीचा विचार कुणी करत नाही. डिसेंबरात महिनाभर पुण्याला जायचं असेल तर साप परत आल्यावर घ्या. मोठा पायथन दोन-तीन आठवड्यांतून एकदा खातो. पिल्लाला मात्र दर आठवड्याला कुणीतरी येऊन उंदीर द्यायला हवा, आणि शेजारी तुळशीला पाणी घालायला जितक्या आनंदाने तयार होतात तितके या कामाला होत नाहीत.

मुदतही पाहून ठेवा. कॉर्न पंधरा-वीस वर्षं, पायथन वीस-तीस. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या बॉल पायथनच्या मादीने २०२० मध्ये अंडी घातली. मुलं कॉलेजला जातील, साप तुमच्याकडे राहील.

अमेरिकेत कायदा प्रत्येक राज्यात वेगळा आहे. हवाईत साप पाळताच येत नाही. न्यू जर्सीत कॉर्न स्नेक रानात दुर्मीळ, संरक्षित आहे, तेव्हा परवान्याची चौकशी आधी. भारतात बसून वाचत असाल तर धामण असो की नाग, देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पावसाळ्यात अंगणात सापडलेलं ‘अजगराचं पिल्लू’ बरेचदा घोणस असतं, त्याला हात न लावता सर्पमित्राला बोलवा. बॉल पायथन ‘साइटिस’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने भारतात त्याची सरकारी नोंदणी लागते, कॉर्न त्या यादीत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा पाळणाऱ्या दहापैकी आठ घरांनी कॉर्न घ्यावा. नियमित खाणारं पिल्लू मुलांना धीर देतं, आणि पळण्यावर चांगल्या झाकणाचा उपाय आहे. न खाण्यावर तसा सरळ उपाय नाही. मूल शांत स्वभावाचं असेल, साप हातात घेऊन बसणं हेच त्याला हवं असेल आणि हवेतला दमटपणा सांभाळायला घरात कुणी असेल, तर पायथन. फक्त ‘स्पायडर’ नावाचा रंगप्रकार टाळा, त्यात डोकं डुलण्याचा दोष जन्मजात असतो. आफ्रिकेतून आणलेलं स्वस्त पिल्लूही नको. ती गोचिड्या आणि जंत घेऊन येतात. विकणाऱ्याकडून खाण्याची नोंदवही मागा, त्याच्यासमोर पिल्लू हातात घेऊन पाहा, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर किती मैलांवर आहे हे पैसे देण्याआधी शोधून ठेवा.