पत्रा की अस्फाल्ट शिंगल: एकाच घरावर दोन्ही वापरल्यानंतर

माझ्या मुख्य घरावर स्टँडिंग सीम पत्रा (उभ्या कडा वर दुमडून जोडलेला, स्क्रू न दिसणारा), वाढीव खोल्यांवर लॅमिनेटेड अस्फाल्ट शिंगल (डांबर आणि खडीच्या दाण्यांचे दोन थरांचे लहान तुकडे) आणि मागच्या शेडवर स्क्रू दिसणारा साधा पत्रा. तिन्ही छपरांनी तेच ऊन, तोच वादळी पाऊस आणि तीच थंडी सोसली, त्यामुळे तुलना सरळ करता येते. आधी मत सांगतो: छपराचा आकार साधा असेल तर पत्रा घ्या, कोपरे आणि वळणं जास्त असतील तर शिंगल. टिकाऊपणाचा हिशोब त्यानंतर करा, कारण चुकीच्या आकारावर बसवलेलं महागातलं छप्परही गळतं.

पत्रा आढ्यापासून वळचणीपर्यंत एका लांबीत येतो आणि हेच त्याचं मोठं बळ आहे. मध्ये आडवा जोड नाही, म्हणजे पाणी आत शिरायला जागा नाही. पण व्हॅली (दोन पाखी मिळतात ती खाच), डॉर्मर (छपरातून वर काढलेली खिडकी), चिमणी, भिंतीला टेकणारं छप्पर असं काही आलं की प्रत्येक ठिकाणी पत्रा तिरका कापून, दुमडून, सील करून बसवावा लागतो. कापलेले त्रिकोणी तुकडे वाया जातात ते वेगळंच. शिंगल लहान तुकड्यांची असल्याने वळणावळणाच्या छपरावर सहज बसते. साध्या छपरासाठी 10 टक्के आणि व्हॅली असतील तर 15 टक्के जादा माल धरला की पुरतो. बहुतेक शिंगलच्या 3 बंडलांत साधारण 100 चौरस फूट झाकलं जातं.

उताराला पर्याय नाही. शिंगलला 12 फुटांना किमान 2 फूट उतार लागतो आणि 12 ला 4 पेक्षा कमी असेल तर अंडरलेमेंट (शिंगलखालचा जलरोधक थर) दुहेरी घालावं लागतं. शिंगल पाणी अडवत नाही, फक्त पुढे ढकलते. उतार कमी झाला की वाऱ्याने पाणी उलटं चढतं आणि जोडाखाली जातं. यंत्राने सीम दुमडलेला स्टँडिंग सीम पत्रा याहून बऱ्याच कमी उतारावर चालतो. साधा ओव्हरलॅप पत्रा जोडात सीलंट न घालता बसवायचा असेल तर 12 ला 3 तरी उतार ठेवा.

आता छपराखाली काय आहे ते बघा, कारण खर्चाची गणितं इथेच उलटतात. पत्रा ट्रस (छपराची त्रिकोणी कैची) आणि पर्लिनवर (तिच्यावरच्या आडव्या पट्ट्यांवर) थेट बसू शकतो. शिंगलला सलग प्लायवुड किंवा ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेला तक्ता) लागतं, ते नसेल तर शिंगल बसूच शकत नाही. लोखंडी ट्रसवर शिंगल लावायची म्हटलं की प्लाय आणि त्याला धरणारी चौकट हा सगळा नवा खर्च होतो. वजनही वाढतं: 0.5 मिमी पत्रा चौरस मीटरला सुमारे 4 ते 5 किलो भरतो, शिंगल 10 किलोपासून पुढे, प्लाय वेगळा. प्लायच्या दोन तक्त्यांत 3 मिमी फट सोडायला सांगा. तक्ते एकमेकांना चिकटवून ठोकले तर दमटपणाने फुगून जोडावर उचलतात आणि खालून वर आलेली ती सरळ रेघ शिंगलवर स्पष्ट दिसते.

पावसाच्या आवाजाबद्दल ऐकीव मतं फार आहेत. शेडमध्ये, म्हणजे उघड्या पर्लिनवरच्या पत्र्याखाली, मुसळधार पावसात फोनवर बोलता येत नाही. मुख्य घरात पत्र्याखाली प्लाय, अंडरलेमेंट आणि छताच्या वर इन्सुलेशन आहे, तिथे शिंगलच्या खोल्यांपेक्षा आवाज किंचितच जास्त येतो. पण सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी उतरताना पत्रा टकटक वाजतो, तो आवाज प्रसरणाचा आहे. 10 मीटर लांब पोलादी पत्रा 50 अंशांच्या फरकाने सुमारे 6 मिमी लांबतो, अॅल्युमिनियमचा जवळपास दुप्पट. स्टँडिंग सीममध्ये पत्रा एका टोकाला पक्का धरतात आणि बाकी क्लिपांवर सरकू देतात. कारागिराने भक्कम व्हावं म्हणून दोन्ही टोकांना स्क्रू मारले तर पत्रा मध्ये फुगतो आणि लाटा दिसू लागतात.

साध्या पत्र्यात ही सरकायची सोय नसते. सगळा ताण स्क्रूवर येतो आणि गळती तिथूनच सुरू होते. स्क्रूखालचा ईपीडीएम रबराचा वायसर धातूच्या टोपीच्या कडेबाहेर अगदी नखाएवढा दिसला पाहिजे. तो चेपून बाहेर फाकला असेल तर जास्त आवळलंय, उन्हात वर्ष-दोन वर्षांत चिरा पडतील. वायसर हाताने फिरत असेल तर सैल आहे. स्क्रू तिरका गेला की एका बाजूला चेपतो, दुसऱ्या बाजूला उघडा राहतो, आणि असा स्क्रू खालून बघून कळत नाही. ड्रिलऐवजी क्लच असलेली स्क्रू गन वापरायला लावा. सैल झालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा आवळून उपयोग नसतो, कारण लाकडातलं किंवा पर्लिनमधलं भोक रुंद झालेलं असतं. 5.5 मिमीचा काढून 6.3 मिमीचा घालायचा. कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ वारा सर्वांत जास्त ओढतो, तिथे स्क्रू दाट हवेत.

शिंगलमध्ये तेच महत्त्व खिळ्याला. एका शिंगलला 4 खिळे, वाऱ्याच्या जागी किंवा फार तीव्र उतारावर 6. खिळा छापलेल्या रेषेवरच बसला पाहिजे, कारण लॅमिनेटेड शिंगलचे दोन थर तिथेच एकावर एक येतात. दीड-दोन बोटं वर गेला तर खालचा थर पकडतच नाही आणि तीव्र उतारावर तो घसरतो. हवेच्या गनचा दाब जास्त ठेवला तर खिळ्याचं डोकं शिंगल फाडून आत जातं, म्हणजे ती जागेवर दिसते पण धरलेली नसते. दाब कमी असेल तर डोकं वर राहतं, वरची शिंगल चिकटत नाही आणि काही काळाने त्या डोक्याने तिला भोक पडतं. काम चालू असताना वर चढून पंधरा-वीस खिळे बघा, नंतर काहीच दिसत नाही. शिंगलच्या मागची प्लॅस्टिकची पट्टी काढायची नसते. बंडलात शिंगल एकमेकींना चिकटू नयेत एवढ्यासाठीच ती असते. बसवल्यावर चिकटवणारा पट्टा उन्हाच्या उबेने वितळतो. थंडीत काम केलं असेल तर प्रत्येक शिंगलखाली हाताने अस्फाल्ट सिमेंटचे ठिपके द्यावे लागतात, नाहीतर पहिल्या वादळात कडा उचलतात.

शिंगल भिंतीला भिडते तिथे फ्लॅशिंगची (जोड झाकणाऱ्या दुमडलेल्या पत्र्याची) एकच लांब पट्टी चालत नाही. प्रत्येक ओळीला स्वतंत्र पायरी फ्लॅशिंग हवं आणि खाली वळचणीपाशी पाणी भिंतीपासून दूर फेकणारा वळवलेला तुकडा. तो तुकडा विसरला की भिंतीला ओल येते आणि दोष छपराला दिला जातो.

पत्रा कापायला ग्राइंडर लावू देऊ नका. ठिणग्यांनी कडेचा लेप जळतो आणि उडालेला लोखंडाचा कीस जिथे पडेल तिथे गंजाचे तांबूस ठिपके उठतात. निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) किंवा पत्रा कात्री वापरायची आणि संध्याकाळी छप्पर मऊ झाडूने साफ करायचं. अॅल्युमिनियम-जस्ताच्या लेपावर साध्या पेन्सिलीने खूण केली तरी त्या रेघेवर गंज धरतो, म्हणून मार्कर वापरा. सीलंट न्यूट्रल क्युअरचं हवं, व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन हा लेप खातं. ओलं सिमेंट आणि तांब्यावरून आलेलं पाणी हेही त्याचे शत्रू.

हा तांब्याचा मुद्दा दोन्ही छपरं असलेल्या घरात नेमका आडवा येतो. शिंगलच्या सावलीतल्या पाख्यावर काळे ओघळ येतात, ते शेवाळाचे असतात. आढ्याजवळ जस्ताची किंवा तांब्याची पट्टी लावली की पावसाच्या पाण्याबरोबर धातू झिरपत खाली येतो आणि शेवाळ धरत नाही. पण ते पाणी खालच्या पत्र्यावर पडणार असेल तर तांब्याची पट्टी बिलकूल नको, जस्ताचीच घ्या. ओघळ धुवायला प्रेशर वॉशर लावला तर खडीचे दाणे निघून जातात आणि दाणे गेले की उन्हापासून डांबराचं संरक्षण गेलं. सुरुवातीला पन्हळीत थोडे दाणे जमतात, ते कारखान्यातले जादा दाणे असतात, घाबरू नका. काही वर्षांनी पुन्हा मूठमूठभर येऊ लागले तर शिंगल म्हातारी झाली.

पहाटे शेडच्या पत्र्याखाली थेंब लोंबतात आणि लोक छप्पर गळतंय असं समजतात. निरभ्र रात्री पत्रा आकाशाला उष्णता देऊन आतल्या हवेपेक्षा थंड होतो, त्या हवेतली वाफ त्यावर जमते. उपाय म्हणजे कारखान्यातूनच खाली फ्लीस (पाणी शोषून धरणारं मऊ कापड) चिकटवलेला पत्रा, किंवा इन्सुलेशन आणि त्याच्या उबदार बाजूला बाष्परोधक पडदा, आणि हवा खेळती. फ्लीस वळचणीच्या कडेपर्यंत तसंच ठेवलं तर ते पाणी वर ओढतं, म्हणून शेवटची काही बोटं लॅकरने किंवा उष्णतेने बंद करतात. शिंगलखालच्या पोकळीलाही हवा लागतेच: वळचणीतून आत, आढ्यातून बाहेर, मोकळी जागा छताच्या क्षेत्रफळाच्या निदान तीनशेवा भाग.

दुरुस्तीत शिंगल पुढे आहे. थंड सकाळी चपट्या पहारीने चिकटलेला पट्टा सोडवा, तिचे आणि वरच्या ओळीचे तिच्यातून गेलेले खिळे काढा, नवी शिंगल सरकवून ठोका. भर उन्हात हे करू नका, मऊ डांबरावर पाय उमटतात. स्टँडिंग सीमचा मधला पत्रा चेपला तर टोकापासून उलगडत यावं लागतं. याउलट सोलर बसवायचे असतील तर स्टँडिंग सीमला क्लॅम्प लागतो, एकही भोक पडत नाही. पावसाचं पाणी साठवायलाही पत्रा बरा, शिंगलवरून दाणे आणि कचरा येतो. वीज पत्र्याकडे ओढली जाते ही समजूत चुकीची आहे.

खरेदीच्या वेळी पत्र्याची जाडी मायक्रोमीटरने मोजा आणि सांगितलेला आकडा मूळ पोलादाचा की लेप-रंगासकट ते लिहून घ्या. रंगवलेला 0.50 मिमी म्हणून विकला जाणारा पत्रा आत 0.45 असू शकतो. रंगात पीव्हीडीएफ (ऊन सोसणारी एक राळ) असेल तर फिकट पडायला साध्या पॉलिस्टरपेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो. पत्रे आल्यावर ओले असतील तर चळत तशीच ठेवू नका. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकून बसवण्याआधीच डाग पडतात, म्हणून सुटे करून तिरके उभे करा.

जुन्या शिंगलवरच पत्रा घालायचा विचार असेल तर आधी प्लाय टोकरून बघा. कुजकी जागा झाकून टाकली तर स्क्रूला धरायला काही उरत नाही. शिंगलचे खरखरीत दाणे आणि पत्रा थेट भिडू देऊ नका, प्रसरणाच्या प्रत्येक फेरीत खालचा लेप घासला जातो. मध्ये अंडरलेमेंटचा नवा थर हवाच.