पिनियन बेअरिंगचा प्रीलोड: क्रश स्लीव्ह की सॉलिड स्पेसर?

मागच्या अ‍ॅक्सलचा डिफरन्शियल बांधताना पिनियनच्या (क्राउन व्हील या मोठ्या दातेरी चक्राला फिरवणाऱ्या छोट्या गियरच्या) दोन बेअरिंगांमध्ये काय बसवायचं, हा प्रश्न येतोच. क्रश स्लीव्ह म्हणजे पातळ पोलादी नळी. नट आवळला की ती चेपते आणि प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच दिलेला दाब, येतो. काम एका बैठकीत होतं. पण ती चेपायला सुरुवातीलाच प्रचंड जोर लागतो, आणि नंतर नट किंचित जास्त फिरला तरी नळी वाया जाते. नट सैल करून ही चूक सुधारत नाही, कारण चेपलेली नळी परत लांब होत नाही. नवीनच घालावी लागते.

सॉलिड स्पेसर चेपत नाही. प्रीलोड शिमनी, म्हणजे पातळ चकत्यांनी, ठरतो: शिम काढली की वाढतो, घातली की कमी होतो. त्यासाठी तीन-चारदा खोलजोड करावी लागते, हे खरंच कंटाळवाणं आहे. मात्र नंतर नट पूर्ण टॉर्कला (ठरलेल्या पिळाच्या जोराला) आवळता येतो, आणि पिनियन सील बदलताना तोच स्पेसर, त्याच शिम परत चालतात.

रोजच्या गाडीला स्लीव्ह पुरते. जड ओढकाम किंवा दणकट इंजिन असेल तर मी स्पेसरच घालेन.

प्रीलोड मात्र दोन्हींत पिनियन फिरवायला किती जोर लागतो त्यावरूनच मोजा, तोही क्राउन व्हील बसवण्याआधी.