पुरात भिजलेल्या घराची दुरुस्ती: चिपळूणच्या एका कॉन्ट्रॅक्टरचा रिव्ह्यू

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत चढलं होतं. चिखल उपसून झाल्यावर दुरुस्तीची कोटेशनं मागवली तर एकाने नुसतं 'कम्प्लीट वॉटरप्रूफिंग ट्रीटमेंट' लिहून खाली भलामोठा आकडा टाकलेला, म्हणजे काय करणार विचारलं तर म्हणे ताई तुम्ही टेन्शन घेऊ नका. शेवटी काम दुसऱ्यांना दिलं, हा रिव्ह्यू त्यांचा.

हा माणूस कोटेशनमधला शब्द न् शब्द भिंतीला हात लावून समजावतो. आमचं घर जुनं, जांभ्या दगडाचं. भिंतीवर पांढरी पावडर आली होती ती त्याने नखाने खरवडून दाखवली, हा लोणा, भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन सुकतात, यावर आत्ता पुट्टी मारलीत तर पुढच्या पावसात पोपडे येणारच. जांभा भरपूर पाणी पितो, वरून सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट असला की ते बाहेर पडायला वाटच राहत नाही, म्हणून पाण्याच्या खुणेच्याही वरपर्यंत गिलावा टाचून काढला आणि भिंती तशाच उघड्या ठेवल्या. भिंत सुकली का बघायला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवायचा, आतून थेंब धरले तर अजून थांबायचं, हे मला फार आवडलं कारण घरातल्या कोणालाही करता येतं.

डीपीसी म्हणजे जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून जोत्यावर घालतात तो थर, जुन्या घरांत बऱ्याचदा तो नसतोच, तेव्हा कोणी 'डीपीसी रिपेअर'चे पैसे लावले तर आधी घरात डीपीसी आहे का ते विचारा!! वायरिंगचं मेगर टेस्टिंग पण माझ्यासमोर केलं. वायरवरचं कव्हर शाबूत आहे का ते ५०० व्होल्ट देऊन बघतात, रीडिंग १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन चालू करायची नाही. किचनची लाइन नापास झाली, ती बदलली.

तक्रार एकच, फोन उचलत नाहीत आणि सांगितलेल्या तारखेपेक्षा काम बरंच लांबलं. रेटही स्वस्त नाही.

आणि विमा असेल तर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काही तोडू नका, पॉलिसीत 'रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यू' (म्हणजे तसंच नव्याने उभं करायचा खर्च) आहे की 'मार्केट व्हॅल्यू' तेही बघा, मार्केट व्हॅल्यू असेल तर घसारा, म्हणजे जुनं झाल्याने कमी झालेली किंमत, कापून पैसे देतात. हे पण यांनीच सांगितलं, त्यांचा काही संबंध नसताना.