पीएच उतरवायचा कशाने: बाटलीने की आरओच्या पाण्याने?

आधी एक चाळणी लावू. माशांच्या टाकीत गप्पी, मॉली किंवा आफ्रिकन सिक्लिड असतील, तर पीएच ८ आला म्हणून काही करायची गरज नाही. त्यांना जड पाणीच मानवतं. घरात फक्त महापालिकेचं नळाचं पाणी येत असेल, तरी बहुतेकांचं काम अँटीक्लोरीनवर, म्हणजे क्लोरीन घालवणाऱ्या थेंबांवर भागतं. आपल्या नाशिकला येणारं गंगापूर धरणाचं, म्हणजे गोदावरीचं साठलेलं पाणी बोअरच्या मानाने बरंच हलकं असतं. खरा प्रश्न बोअरवाल्यांचा. त्याहून जास्त त्यांचा, ज्यांच्या सोसायटीच्या टाकीत नळ, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर असं सगळं एकत्र येतं. काळ्या कातळातून येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळे केएच, म्हणजे त्या बायकार्बोनेटचं माप, १२-१४ निघाला तर दचकायचं कारण नाही. अशा पाण्यात एंजल, निऑन किंवा डिस्कस असे हलक्या पाण्यातले मासे ठेवायचे, तर दोन वाटा उरतात.

मोजताना दोन चुका नेहमी होतात. बोअरचं ताजं पाणी लगेच तपासलं की पीएच ७.२ वगैरे दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. जमिनीखालचा कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला असतो. बादलीत एअरस्टोन सोडून २४ तासांनी तपासा, तेच पाणी ८ च्या पुढे जातं. दुसरी चूक किटची. साधं किट ६.० ते ७.६ पर्यंतच रंग दाखवतं. नळी गडद निळी झाली म्हणजे पीएच ७.६ असेल किंवा ८.४ सुद्धा, कळायला मार्ग नाही. म्हणून पैसे खर्चायचेच तर आधी केएचच्या किटवर. बहुतेक किटमध्ये ५ मिली पाण्याला एक थेंब म्हणजे एक अंश. रंग पालटेपर्यंत थेंब मोजायचे.

आता बाटली, म्हणजे ‘पीएच डाउन’. स्वस्त, कुठल्याही मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी, तासाभरात आकडा खाली आणणारी. भाड्याच्या घरात, जिथे आरओ बसवायची सोय नाही, तिथे मोह होणं साहजिक आहे. पण एक कटकट अशी आहे की माझ्यापुरता निकाल तिथेच लागतो. संध्याकाळी थेंब टाकून पीएच ७.० ला आणलेला, आणि सकाळी परत ८ च्या घरात.

बाटलीत दोष नसतो, हा पाण्याचाच हिशोब आहे. आम्ल टाकलं की ते बायकार्बोनेटशी भिडतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात असेपर्यंत पीएच खाली दिसतो. रात्रभर एअर पंप चालला की वायू उडून जातो आणि पीएच वर येतो. मग पुन्हा थेंब, पुन्हा उसळी. हे चार-पाच वेळा झालं की केएच संपत येतो आणि एरवीचाच डोस पाणी एकदम ६ च्या खाली ढकलतो. तिथे फिल्टरमधले जिवाणू मंदावतात, अमोनिया साठू लागतो. घाबरून कुणी खाण्याचा सोडा टाकला तर आणखी पंचाईत. पीएच ७ ला अमोनियाचा विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, ८ ला तोच पाच टक्क्यांच्या आसपास जातो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड मारायला लागतात आणि दोष ‘ऑक्सिजन कमी पडला’वर जातो.

आपल्याकडे त्यात भर अशी, की सोसायटीचं पाणी दर आठवड्याला वेगळं. मागच्या रविवारी १० थेंबांत भागलं, या रविवारी टँकर आला म्हणून २५ लागले. ठरावीक डोस असा बसतच नाही.

शिवाय बऱ्याच बाटल्यांत फॉस्फोरिक आम्ल असतं. केएच १४ वरून ४ वर आणायचा तर हिशोबाने दर लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर फॉस्फेट पडतं. वनस्पतींच्या टाकीला एक-दोन मिलिग्रॅम पुरतं. उरलेलं शेवाळाच्या वाट्याला जातं, नाहीतर कॅल्शियमशी मिळून पाणी दुधाळ करतं.

आरओची वाट संथ आहे, हे कबूल. घरातलंच यंत्र चालतं, मात्र पाणी मेम्ब्रेननंतर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी घ्यायला हवं. त्या कार्ट्रिजमध्ये चुन्याचे खडे असले तर उतरवलेला केएच तिथेच परत चढतो. यंत्रावर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) वाढवायचा स्क्रू असेल तर तो पूर्ण बंद हवा. नाहीतर बोअरचंच पाणी बाजूने मिसळत राहतं. मेकॅनिकला टी-जॉइंट आणि छोटा कॉक बसवायला सांगितलं की काम होतं.

प्रमाणाचं गणित सोपं आहे. बोअरचा केएच १४ आणि आरओचा १ धरला, तर निम्मं-निम्मं मिसळून ७-८ येतो. एक भाग बोअर, दोन भाग आरओ केलं की ५ च्या आसपास. १०० लिटरच्या टाकीत आठवड्याला २५ लिटर बदलायचं म्हटलं तर १६-१७ लिटर आरओ लागतं. एका दमात सगळं पाणी बदलू नये. दर आठवड्याला पाव टाकी, दीड-दोन महिने. केएच हळूहळू उतरतो आणि माशांना धक्का बसत नाही.

एक मात्र आधीच सांगायला हवं. आकडा फार खाली येत नाही. केएच ५ ला पीएच साधारण ७.५ ते ७.७ वर थांबतो. बाटलीवाला ७.० दाखवील आणि आपण ७.६ वर असू. पण हा ७.६ रविवारीही तोच, बुधवारीही तोच. घरच्या पैदाशीचे एंजल अशा पाण्यात अंडी घालतात. डिस्कससाठी किंवा निऑनच्या पैदाशीसाठी याहून खाली जायचं, तर केएच २ पर्यंत न्यावा आणि मग देशी बदामाची वाळलेली, आपोआप गळलेली पानं टाकावीत, ४०-५० लिटरला एक. केएच १४ असताना हीच पानं पाणी चहासारखं करतात, पीएच हलवत नाहीत. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तोही काढून ठेवा, पानांचा अर्क तो शोषून घेतो. इतक्या कमी केएचला मात्र दर आठवड्याला थेंब मोजणं चुकवू नये.

ज्यांचा केएच मुळातच ३-४ आहे, त्यांना बाटली चालूनही जाईल; तीही टाकीत थेट नको, बदलायच्या पाण्याच्या ड्रममध्ये टाकून, रात्रभर हवा देऊन. बाकीच्यांनी तोच खर्च एका जादा ड्रमवर केलेला बरा. २० लिटरचे विकतचे जार घ्यायचे तर आधी टीडीएस मीटर बुडवून बघा. काहींत ५० निघतो, काहींत २००.

एप्रिल-मेमध्ये उघड्या टाकीतलं पाणी बघता बघता बोटभर उतरतं. ती भर मिसळलेल्या पाण्याने नको, निव्वळ आरओने करायची, कारण वाफ होते पाण्याची, क्षार मागेच राहतात. आणि आरओचं रिजेक्ट पाणी फरशी पुसायला ठेवा, त्यात बोअरचेच क्षार दाट होऊन आलेले असतात.