ॲक्सेसिबल पीडीएफच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

पीडीएफ ॲक्सेसिबल, म्हणजे दृष्टिहीनांनाही वाचता येईल अशी, करून देण्याचं काम बाहेर देणार असाल, तर आमच्या बाबतीत काय घडलं ते आधी वाचा.

आमच्या संस्थेची प्रशिक्षण पुस्तिका दोनशेहून अधिक पानांची आहे. शिकणाऱ्यांत काही दृष्टिहीन असतात, म्हणून काम एका व्यावसायिकाकडे सोपवलं. ‘प्रत्येक पान हाताने टॅग करू, पीडीएफ/यूए मानकाप्रमाणे’ असं त्याने लेखी दिलं (टॅग म्हणजे कोणता मजकूर शीर्षक आणि कोणता परिच्छेद हे सांगणारी फाइलमधली अदृश्य खूण; पीडीएफ/यूए हे ॲक्सेसिबल पीडीएफचं आंतरराष्ट्रीय मानक), पानामागे दर ठरवला आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतली. फाइलबरोबर तपासणीचा अहवालही आला. एकही त्रुटी नाही, सगळीकडे हिरव्या खुणा.

आमच्या एका दृष्टिहीन सहकाऱ्याने ती फाइल एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, उघडली. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस एवढी मोठी फाइल पहिल्या ओळीपासून ऐकत बसत नाही. एच दाबला की पुढचं शीर्षक, २ दाबला की दुसऱ्या पातळीचं, आणि इन्सर्ट-एफ७ दाबून शीर्षकांची यादी मागवता येते. डोळस वाचक पानं चाळतो, तसं हे चाळणं. यादीत पुस्तिकेचं नाव आलं, मग पुन्हा तेच, आणि मग पुन्हा तेच. पानांच्या माथ्यावर छापली जाणारी ओळ प्रत्येक ठिकाणी एच१, म्हणजे पहिल्या पातळीचं शीर्षक, झाली होती. खरं तर तिला आर्टिफॅक्ट करायचं असतं, म्हणजे स्क्रीन रीडर ती वगळतो. प्रकरणांची नावं मात्र साध्या परिच्छेदाच्या पी टॅगमध्ये होती, आणि मजकुरात जे काही ठळक होतं ते एच२ झालं होतं. ‘आधी वीजपुरवठा बंद करा’ ही सूचना शीर्षक म्हणून ऐकू येत होती. प्रथमोपचाराचं प्रकरण यादीत नव्हतंच. गरज पडेल तेव्हा ज्याला ते सर्वात आधी सापडायला हवं, त्यालाच ते सापडत नव्हतं. याचा मला आजही संताप येतो.

तो अहवाल बनावट नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण फसवणारे नेमका त्याचाच आधार घेतात. मजकुराला टॅग आहेत का, एच१ नंतर थेट एच३ आलंय का, एवढं सॉफ्टवेअर पाहू शकतं. ज्या ओळीला शीर्षक म्हटलंय ती खरोखर शीर्षक आहे का, हे त्याला कळत नाही. पीडीएफ/यूए तपासण्यासाठी जो मॅटरहॉर्न प्रोटोकॉल आहे, त्यात १३६ प्रकारच्या त्रुटी नोंदवल्या आहेत. त्यातल्या ४७ माणसानेच तपासायच्या आहेत, आणि शीर्षकांना शीर्षकाचा टॅग आहे की नाही ही तपासणी त्यांतच येते. फाइलवरचा ‘पीडीएफ/यूए’ हा शिक्काही मेटाडेटामधली, म्हणजे फाइलविषयीच्या माहितीतली, एक घोषणा असते. फाइल बनवणारा ती स्वतःच लिहितो.

मग आम्ही फाइलची माहिती उघडली. पीडीएफ कशातून तयार झाली हे सांगणाऱ्या प्रोड्यूसर या रकान्यात ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ असं होतं. आम्ही दिलेल्या वर्ड फाइलमध्ये हेडिंग १, हेडिंग २ या स्टाइल नीट लावलेल्या होत्या. वर्डमधूनच पीडीएफ म्हणून सेव्ह करताना ॲक्सेसिबिलिटीसाठीचे टॅग चालू ठेवले, तर त्या स्टाइल एच१, एच२ होऊन उतरतात. प्रिंट केलं की ती सगळी रचना गळून जाते. म्हणजे असलेली रचना त्याने घालवली, वर सॉफ्टवेअरकडून आपोआप टॅग लावून घेणारं ऑटोटॅगचं बटण दाबलं, आणि बिल लावलं हाताने टॅग केल्याचं.

विचारल्यावर एकच उत्तर मिळालं: अहवाल स्वच्छ आहे, उरलेली रक्कम द्या. आम्ही ती दिली नाही. आगाऊ दिलेले पैसे परत आले नाहीत, आणि पुढे त्याने फोन उचलणंही बंद केलं. पुस्तिका आम्ही मूळ वर्ड फाइलवरून पुन्हा काढली. टॅगच्या झाडात, म्हणजे टॅगच्या उतरंडीत, थोड्याच दुरुस्त्या कराव्या लागल्या.

काम देताना आधी एकच प्रकरण नमुना म्हणून करून मागा. एनव्हीडीए फुकट मिळतो. त्यात शीर्षकांची यादी उघडा आणि अनुक्रमणिकेशी ओळीने ताडून पाहा. अनुक्रमणिकेतलं प्रत्येक नाव यादीत योग्य पातळीवर हवं, आणि जे शीर्षक नाही ते तिथे नको. शक्य असेल तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडून, तिला मोबदला देऊन, ही तपासणी करून घ्या. ती झाल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल, ही अट कामाच्या आदेशातच लिहा.