पूर्व भागातलं डोळे-मधुमेह शिबिर: फोटो चांगले, कागद कच्चा

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी कामगारांसाठी डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) तपासणीचं मोफत शिबिर भरतं. शुगर असेल तर जरूर जा. दिसायला व्यवस्थित असलं तरी जा, कारण पडदा बराच खराब होईपर्यंत नजरेला काही कळत नाही. फक्त शेवटी हातात पडणारा कागद नीट वाचून घ्या.

नोंदणीला तेलुगू बोलणारी माणसं बसवली आहेत, हे फार बरं केलं. कॅमेराही चांगला. प्रत्येक डोळ्याचे 45 अंशांचे दोन फोटो निघतात: एक मॅक्युला (पडद्याचा बारीक दिसण्याचा मधला भाग) मध्यावर धरून, दुसरा डोळ्याची नस मध्यावर धरून. प्राथमिक तपासणीला एवढं पुरतं.

गडबड अंधाराची आहे. बाहुली मोठी करणारे औषधाचे थेंब न घालता फोटो काढायचा तर माणसाला काही मिनिटं काळोखात बसवावं लागतं, तेव्हा बाहुली आपोआप मोठी होते. इथे काळोखासाठी केलेला आडोसा म्हणजे पातळ कापड, बाहेर सोलापूरचं ऊन. त्यात उजव्या डोळ्यावर फ्लॅश पडला की डाव्याची बाहुलीही आकसते, आणि रांग लांब म्हणून मधे थांबायला कुणी तयार नसतं. म्हणून उजवा फोटो स्वच्छ, डावा कडेने काळवंडलेला. दोन मिनिटं थांबा म्हणून सांगा, हक्काने सांगा.

भिंगाचंही तेच. मागावरच्या कापसाचा बारीक तूस भिंगावर बसतो आणि ओळीने सगळ्यांच्या फोटोत एकाच जागी पांढरट ठिपका उमटतो. पडद्यावर साचलेल्या चरबीचे ठिपके समजून उगाच एखाद्याला घाबरवलं जाऊ शकतं. दर थोड्या वेळाने भिंग पुसलं की प्रश्न मिटला.

आता कागद. मोतीबिंदूमुळे किंवा बारीक बाहुलीमुळे फोटो धूसर आला तर ‘फोटो वाचता येत नाही, थेंब घालून पुन्हा तपासा’ असं लिहायला हवं. इथे सरळ ‘नॉर्मल’चा शिक्का बसतो. हे चूकच आहे. धूसर फोटोतल्या माणसाला आजार असण्याची शक्यता उलट जास्त, कारण वय आणि जुना मधुमेह दोन्हींमुळे बाहुली बारीक राहते आणि मोतीबिंदूही वाढतो.

फॉर्मवर ‘शुगर आहे का? हो / नाही’ एवढाच रकाना आहे. किती वर्षांपासून, हा खरा प्रश्न. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये 1980 च्या सुमारास सुरू झालेल्या पाहणीत हेच ठळकपणे दिसलं: मधुमेह जितका जुना, तितका पडद्याचा धोका मोठा. शुगरची वर्षं आणि शेवटचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) कागदाच्या कोपऱ्यात स्वतःच लिहून द्या.

रक्तदाबाचं टेबल मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथला आकडा डोळ्याच्या कागदावर येतच नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत 2006 ते 2009 मध्ये 4711 जणांची पाहणी झाली, तिचा उपयोगच यात आहे की डोळे आणि बाकीची तब्येत एकाच माणसाची, एकत्र नोंदली गेली. शरीर न कापता आतल्या रक्तवाहिन्या थेट आणि स्पष्ट दिसतात त्या पडद्यावर. धमनी अरुंद झालेली, ती ओलांडते तिथे शीर चिमटलेली, असं दिसलं की बीपी जुनं आहे असा संशय घ्यायचा. पण शेजारी आकडाच नसेल तर फोटो वाचणारा बिचारा काय करणार? बरं, तो आकडाही चहा पिऊन, विडी ओढून उभ्या-उभ्या घेतलेला. अर्धा तास दोन्ही टाळा, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, हात टेबलावर, मग मोजा.

निघताना प्रत्येक डोळ्याचा शेरा वेगळा लिहून मागा, फोटो मोबाइलवर घ्या. दोन्ही फोटो स्वच्छ आणि निर्दोष असतील तर वर्षाने पुन्हा. पडद्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या किंवा मॅक्युलाला सूज लिहिली असेल तर पुढच्या शिबिराची वाट बघू नका, सिव्हिलला किंवा पडद्याच्या डॉक्टरकडे लगेच जा. थेंब घातले तर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात, तेव्हा गाडी घरी ठेवून कुणाला तरी सोबत आणा. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर थेंबांच्या आधीच सांगा, कारण तिथे कुणी विचारत नाही.