विनोदी पटकथालेखनाची सहा रविवारांची कार्यशाळा: शिकवणे उत्तम, अर्जातले एक कलम मात्र बदलायला हवे

चित्रपटसृष्टीतील महत्त्वाकांक्षा आणि नीतिमत्ता हा विषय घेऊन उपरोधिक विनोदी पटकथा कशी लिहावी, हे शिकवणारी सहा रविवारांची कार्यशाळा मी नुकतीच कोल्हापुरात पूर्ण केली. मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराच्या माडीवर सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत वर्ग भरत असे. शुल्क ३,५०० रुपये होते आणि आम्ही २२ जण होतो. संयोजकांविषयी एक तक्रार पुढे मांडायची असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी आपल्या गावचीच गोष्ट समोर ठेवली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर १९२९ मध्ये तेथून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या आर्थिक साथीने त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी उभी केली. शिष्य गेल्यावर गुरूंची कंपनी फार दिवस तग धरू शकली नाही. प्रभात मात्र १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि वाढत राहिली. यात कोणाला खलनायक ठरवायचे नाही, असे बजावून सरांनी हा प्रसंग तीन बाजूंनी लिहायला सांगितला: बाहेर पडणारा शिष्य, मागे राहिलेला गुरू, आणि दोन्हीकडे काम मिळू शकेल असा स्टुडिओतला एक काल्पनिक सुतार. पहिल्या दोन बाजू आम्हा सर्वांच्या हातून भाषणासारख्या उतरल्या. सुताराची बाजू लिहिताना मात्र विनोद आपोआप सापडला, कारण त्याला निष्ठेइतकीच या महिन्याच्या पगाराचीही काळजी होती आणि दोन्ही मालकांना एकाच दिवशी नमस्कार करायचा होता. पुढचे पाचही रविवार सर याच मुद्द्याकडे परत येत राहिले: नीतीचा प्रश्न मोठ्या तत्त्वातून मांडू नका, कोणाचे पैसे कोठे अडकले आहेत तेथून सुरुवात करा.

तिसऱ्या रविवारी जे घडले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. आमच्यात कागलचा एक मुलगा होता, जो मालिकांच्या चित्रीकरणात गर्दीतला माणूस म्हणून उभा राहतो. मी लिहिलेल्या प्रवेशात एक ज्युनिअर आर्टिस्ट चुकीचे इंग्रजी बोलतो आणि सेटवरचे सगळे हसतात, असा प्रसंग होता. सरांनी मला तो प्रवेश त्या मुलाकडे तोंड करून वाचायला सांगितला. चौथ्या ओळीनंतर मला पुढे वाचवेना. मग सरांनी त्यालाच विचारले की सेटवर त्याला हसू कधी येते. तो म्हणाला, "निर्माते मुहूर्ताला कलेच्या सेवेवर बोलत असतात आणि आम्ही मागं उभं राहून मोजत असतो, की मागच्या तीन शिफ्टचं मानधन बाकी आहे." तेवढ्यावरून प्रवेश नव्याने लिहिला गेला. निर्माता नारळ फोडून त्यागावर बोलतो आहे, त्याच वेळी व्यवस्थापक हळू आवाजात जेवणाच्या डब्यांची संख्या कमी करतो आहे, आणि भाषणातला प्रत्येक टाळीचा शब्द एकेका डब्याला कात्री लावतो आहे. वाचन झाले तेव्हा माडीवर जो हशा पिकला, त्यात तो मुलगा सर्वांत मोठ्याने हसत होता. विनोदाचा रोख कोणाकडे असावा, हे यापेक्षा चांगले शिकवता येईल असे मला वाटत नाही.

चौथा रविवार अनुदानाच्या विषयावर होता. केवळ शासकीय अनुदानाचा दर्जा मिळावा म्हणून सामाजिक विषय शोधत फिरणारा निर्माता हे पात्र चांगले आहे, पण त्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ गेला.

पाचव्या रविवारी लेखकाच्या हक्कांवर जेमतेम ४० मिनिटे मिळाली आणि ती फारच अपुरी होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच करावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. हक्क विकल्यानंतरही आपल्या लेखनावर आपले नाव असण्याचा अधिकार कलम ५७ नुसार लेखकाकडे राहतो. नवख्या लेखकाला फसवणाऱ्या निर्मात्यावर प्रहसन लिहायचे असेल, तर फसवणूक नेमकी कोणत्या ओळीत होते हे लेखकाला ठाऊक असलेच पाहिजे.

हे ऐकल्यावरच आम्ही आपापले प्रवेश अर्ज काढून पाहिले. कार्यशाळेत लिहिलेल्या सर्व साहित्याचे हक्क संयोजकांकडे राहतील, असे सातव्या कलमात छापलेले होते आणि त्याखाली आमच्या सह्या होत्या. सरांना याची कल्पना नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसले आणि त्यांनी त्याच दिवशी संयोजकांशी बोलणे केले. सहाव्या रविवारी संयोजकांनी आमच्या तुकडीच्या अर्जांवरचे ते कलम पेनाने खोडून शेजारी सही केली. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. परंतु माझ्या ओळखीतल्या एका मुलीने पुढच्या तुकडीसाठी आणलेल्या कोऱ्या अर्जात तेच कलम पुन्हा छापलेले आहे, आणि हे मला मान्य नाही.

माडीवर दुपारी फार उकडते आणि २२ जणांना दोनच पंखे आहेत. चहा वेळेवर आणि चांगला मिळतो. अखेरच्या वाचनाला प्रत्येकाला पुरेसा वेळ दिला जातो.

शिकवण्याच्या दर्जासाठी मी ही कार्यशाळा मनापासून सुचवतो; साडेतीन हजारांत इतके बारकाईने काम करून घेणारा शिक्षक सहज मिळत नाही. मात्र पैसे भरण्याआधी अर्जातले सातवे कलम वाचा, ते खोडून संयोजकांची सही घ्या, आणि त्या पानाचा फोटो आपल्याकडे ठेवा.